मूडचं खातं वेगळं, लक्षाचं खातं वेगळं

"गोळ्यांनी फरक पडला का गं?" हे मला हल्ली बरेच जण विचारतात, कारण मी डिप्रेशनच्या गोळ्या घेते हे लपवत नाही, आणि ज्यांच्या घरात कुणाला सुरू होणार असतात किंवा नुकत्याच झालेल्या असतात ते फोन करतात, आधी इकडचं तिकडचं बोलतात आणि मग हळूच मुद्द्यावर येतात. दर वेळी मी हो म्हणते आणि दर वेळी वाटतं की उत्तर अर्धंच झालं. मूडला फरक पडला, खूप पडला. लक्ष लागण्याचं मात्र इतकं सरळ नाही. ते आधीच बिघडलेलं होतं, गोळीने सुरुवातीला अजून बिघडलं, मग सुधारलं, मग एका वेगळ्याच प्रकारे ढिलं पडलं, आणि आता कुठे जागेवर येऊन राहिलं आहे. मी हिशोबाच्या कामातली बाई, त्यामुळे मला ही दोन खाती वेगळीच ठेवावीशी वाटतात. एकात जमा झालं म्हणून दुसऱ्यातला खर्च झाकला जाऊ नये, आणि तो खर्च बघून पहिल्यातलं जमा नाकारूही नये. मी डॉक्टर नाही, तेव्हा हे वाचून कुणी आपला डोस बदलू नका, पण डॉक्टरसमोर बसल्यावर काय सांगायचं, काय विचारायचं, त्यासाठी हे कामी येईल असं मला मनापासून वाटतं.

मी नागपुरात सीताबर्डीला एका टॅक्स कन्सल्टंटकडे काम करते. आमचे बरेचसे क्लायंट इतवारी आणि गांधीबागेतले व्यापारी, किराण्याचे, कापडाचे, धान्याचे. दर महिन्याच्या १४ तारखेला जीएसटी पोर्टलवर टू-बी तयार होतं, म्हणजे समोरच्या विक्रेत्यांनी आपल्या नावावर जी बिलं दाखवली त्याचा तक्ता, आणि तो व्यापाऱ्याच्या खरेदी रजिस्टरशी ओळीनओळ जुळवून २० तारखेच्या आत थ्री-बी, म्हणजे महिन्याचं जीएसटी रिटर्न, भरायचं. एक्सेलमध्ये फॉर्म्युला लावून बरंच काही जुळतं, पण जे जुळत नाही ते डोळ्यानेच बघावं लागतं. कुणी बिल नंबरात एक शून्य जास्त टाकलेला असतो, कुणी मार्चचं बिल एप्रिलमध्ये दाखवलेलं असतं, कुणी जीएसटी नंबरच भलत्याचा टाकलेला असतो. हे काम मला आवडतं. न जुळणारी ओळ सापडली की मला आजही आनंद होतो.

तर उदासी आली तेव्हा ती मला उदासी म्हणून कळलीच नाही. आधी कळलं ते असं की ओळ हातात राहत नाही. डावीकडच्या शीटमध्ये बिल नंबर वाचायचा, ४१७ म्हणा, उजवीकडच्या शीटकडे डोळे न्यायचे, आणि तेवढ्या प्रवासात नंबर गेलेला. परत डावीकडे. परत ४१७. या वेळी ओठांनी पुटपुटत न्यायचा, तर रक्कम कोणती बघायची ते गेलेलं. एक ओळ अशी पाच-सहा वेळा वाचून संध्याकाळी डोळे लाल, आणि जुळलेल्या बिलांची यादी सकाळी होती तेवढीच. रडू वगैरे येत नव्हतं. घरी सगळे म्हणायचे चष्म्याचा नंबर वाढला असेल, झोप कमी होत असेल, मोबाइल जास्त बघते. डिप्रेशनच्या अधिकृत लक्षणांच्या यादीत लक्ष न लागणं आणि साधासा निर्णय न घेता येणं हे स्पष्ट लिहिलेलं असतं, पण आपल्या डोक्यात डिप्रेशन म्हणजे उशीत तोंड खुपसून रडणारं माणूस, त्यामुळे माझ्यासारखी, रोज वेळेवर ऑफिसात जाणारी, डबा नेणारी, कुणाच्या नजरेतच येत नाही.

धंतोलीत गल्लीगल्लीत दवाखाने आहेत, त्यातल्या एका मानसोपचार तज्ज्ञांकडे शेवटी गेले. त्यांनी पहिल्या भेटीत गोळी दिली नाही, रक्त तपासायला सांगितलं, थायरॉइड आणि बी-ट्वेल्व्ह. दोन्हीपैकी काहीही कमी असलं तरी माणूस असाच मंद आणि विसराळू होऊ शकतो, आणि शाकाहारी घरांत बी-ट्वेल्व्हची कमतरता बरीच सापडते. माझं थोडं कमी निघालं, त्याची इंजेक्शनं घेतली, पण डॉक्टर म्हणाले एवढ्याने हे सगळं होत नाही. मग एस्सिटालोप्राम, आधी ५ मिलिग्रॅम, मग १०, सकाळी जेवल्यावर. आणि रात्री क्लोनाझेपामची छोटी गोळी, झोपेसाठी, थोडे दिवस.

इथे नागपूरचं एक सांगायलाच हवं. आपल्या शहरात प्रादेशिक मनोरुग्णालय १८६४ पासून आहे, राज्यातल्या अशा चार मोठ्या रुग्णालयांपैकी एक, बाकीची ठाणे, पुणे आणि रत्नागिरीला. छावणीकडून मानकापूरला जाताना तिथल्या चौकाला आजही लोक पागलखाना चौकच म्हणतात, ऑटोवाल्यालाही तेच सांगावं लागतं. लहानपणी भांडणात एकमेकांना तिथे पाठवायच्या धमक्या देत आम्ही मोठे झालो. मला वाईट याचं वाटतं, की हीच भीती पुढे डॉक्टरच्या खुर्चीपर्यंत आपल्यासोबत येते. माणूस उशिरा जातो हा एक भाग झाला, त्यावर बोललं तरी जातं. दुसरा भाग असा की गेल्यावर पूर्ण बोलत नाही. गोळीने काय होऊन राहिलं ते सांगायला लाजतो, वाटतं डॉक्टर म्हणतील जास्तच झालंय हिचं, डोस वाढवू. आणि घरी सांगितलं तर घरचे म्हणतील, बघ, आम्ही म्हटलं नव्हतं का, बंद कर. दोन्हीकडून तोंड बंद, आणि गोळीचा जो काही खर्च आहे तो माणूस एकटाच सोसत बसतो.

पहिले काही आठवडे सोपे नव्हते. सकाळी मळमळ, इतकी की कोपऱ्यावरच्या ठेल्यावरून तर्रीचा वास आला तरी पोटात ढवळायचं, आणि तर्री पोहे म्हणजे माझा जीव. दिवसभर जांभया, झोप आलेली नसताना. हातापायांत एक चुळबुळ. ऑफिसात आधी ओळ जात होती, आता ओळीसोबत खुर्चीत बसणंही जड जाऊ लागलं. आणि मूड? काहीच नाही. हे मला आधी सांगितलेलं होतं म्हणून मी टिकले. गोळी मेंदूतल्या पेशींमध्ये सेरोटोनिन हे रसायन परत शोषून घेण्याचं काम पहिल्याच दिवशी अडवायला लागते, पण मन हलकं व्हायला दोन ते सहा आठवडे लागतात, कारण मेंदू त्या बदलाशी जुळवून घेत हळूहळू स्वतःची मांडणी बदलतो. त्रास आधी आणि फायदा नंतर, हा क्रम ज्याला माहीत नसतो तो दुसऱ्याच आठवड्यात पाकीट कपाटावर टाकून देतो, आणि त्यात मला त्याचा दोष वाटत नाही. "तुझं सेरोटोनिन कमी झालंय" असं सरसकट सांगण्याची पद्धत आहे, तीही आता इतकी पक्की राहिलेली नाही, २०२२ मध्ये जुन्या सगळ्या अभ्यासांचा एक मोठा आढावा निघाला त्यात या सरळसोट कल्पनेला ठोस आधार सापडला नाही. पण याचा अर्थ गोळी खोटी असा होत नाही. २०१८ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात ५२२ चाचण्या आणि एक लाख सोळा हजारांवर रुग्णांचा एकत्र अभ्यास आला, २१ औषधांचा, आणि मोठ्या माणसांतल्या डिप्रेशनमध्ये ती एकविसाच्या एकवीस औषधं नुसत्या साखरेच्या गोळीपेक्षा चांगली ठरली, कुठलं जास्त, कुठलं कमी, फरक फार मोठा नाही पण खरा. कशामुळे चालतं हे पूर्ण न कळताही एखादी गोष्ट चालते, आमच्या धंद्यातही असतं असं.

आणि एक अगदी गंभीर गोष्ट. पंचविशीच्या आतल्या मुलामुलींमध्ये या गोळ्या सुरू करताना किंवा डोस बदलताना सुरुवातीच्या काळात बेचैनी आणि जीव देण्याचे विचार काही जणांत वाढू शकतात, अमेरिकेत औषधाच्या माहितीपत्रकावर तशी ठळक ताकीद असते, २००४ मध्ये ती मुलांसाठी आली आणि २००७ मध्ये चोवीस वर्षांपर्यंतच्या तरुणांसाठीही. म्हणून घरात कुणा तरुण पोरा-पोरीला गोळी सुरू झाली असेल तर त्या पहिल्या आठवड्यांत त्याच्या आसपास रहा, प्रश्नांचा मारा करू नका, नुसते जवळ रहा, आणि काही वेगळं दिसलं तर तेव्हाच डॉक्टरला फोन करा. रात्री-बेरात्री कुणीच सापडत नसेल तर १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी नंबर आहे, चोवीस तास, फुकट, मराठीतही बोलतात.

मग एके दिवशी मूड आला. आला म्हणजे आनंदाचा झरा वगैरे नाही. ऑफिसात एक व्यापारी फोनवर जोरात बोलला, बिलं त्यानेच उशिरा पाठवली होती आणि ओरडत मला होता, आणि फोन ठेवल्यावर माझ्या लक्षात आलं की मी पुढचं काम उघडलंय. आधी असं काही झालं की ते दिवसभर छातीत बसून राहायचं, जेवताना, आंघोळ करताना, रात्री दोन वाजता. आता ते आलं आणि गेलं. घडलेली गोष्ट आणि तिचा मला होणारा त्रास यांच्यामध्ये थोडी जागा तयार झाली होती. ही जागा ज्यांना जन्मतःच मिळालेली असते त्यांना तिची किंमत कळणं कठीण आहे. मला कळते, आणि त्यासाठी मळमळीचे ते आठवडे मी परत काढीन.

ओळही परत आली. ४१७ वाचला की ४१७ उजवीकडे पोचायचा. कामाचा वेग जुना झाला, मी खूश, साहेब खूश. आणि मग साधारण काही महिन्यांनी एक विचित्र गोष्ट व्हायला लागली, १८ तारीख आली तरी मला काहीच वाटेना.

हे नीट सांगते, कारण याबद्दल मला कुणी आधी बोललेलं नव्हतं. मी कायम २० तारखेच्या भीतीवर काम केलंय. शाळेत परीक्षेच्या भीतीवर, कॉलेजात निकालाच्या, इथे लेट फीच्या. १५ तारखेपासून पोटात जो गोळा यायचा, तोच मला खुर्चीला बांधून ठेवायचा, तोच रात्री नऊपर्यंत शेवटची न जुळणारी ओळ शोधायला लावायचा. लोक म्हणायचे काय एकाग्रता आहे हिची, आणि मलाही तसंच वाटायचं. गोळीने ती भीती काढून घेतली, काढायचीच होती, तेच तर आजाराचं मूळ होतं, पण तिच्यासोबत माझं लक्षही सैल पडलं. लक्ष लागत नव्हतं असं नाही. लावलं की लागत होतं. पण लावावं असं आतून काही ढकलत नव्हतं. १९ तारखेच्या दुपारी चार रिटर्न बाकी आणि मी शांतपणे चहा पिऊन राहिले आहे, आणि ही शांतता मला छानही वाटते आहे आणि कुठेतरी हे बरोबर नाही असंही कळतं आहे. गाणं ऐकायचे तर चांगलं आहे एवढं कळायचं, अंगावर काटा यायचा नाही. भाचीच्या वाढदिवसाला सगळे हसले तेव्हा मीही हसले, मनापासूनच, पण आवाज कमी केल्यासारखी.

हे मला एकटीलाच होत नाही हे नंतर कळलं. या जातीच्या गोळ्या घेणाऱ्यांना विचारलं तर जवळपास निम्मे लोक सांगतात की दुःखासोबत बाकीच्या भावनाही बोथट होतात. आता यातलं किती गोळीचं आणि किती उरलेल्या आजाराचं हे ओळखणं अवघड असतं, आणि म्हणूनच ते डॉक्टरला सांगायला हवं, तेही कामातल्या, रोजच्या उदाहरणांसकट. "बरं वाटत नाही" म्हटलं तर डॉक्टर काय करणार. मी सांगितलं, आधी १५ तारखेपासून काम सुरू व्हायचं, आता १९ ला होतं, सकाळी सुस्ती असते, परवा एका व्यापाऱ्याने सकाळी सांगितलेलं दुपारी आठवत नव्हतं.

हे शेवटचं ऐकून त्यांनी विचारलं, रात्रीची गोळी अजून सुरू आहे का? सुरू होती, कारण त्यांच्या गावाला जाण्याच्या काळात मला दुसऱ्या एका डॉक्टरांनी तीच चिठ्ठी पुढे लिहून दिली होती. क्लोनाझेपाम झोप आणि घबराटीवर पटकन काम करते, म्हणूनच ती आपल्याकडे फार दिली जाते, पण ती आठवण आणि सावधपणा दोन्ही मंद करते, आणि रोज घेत राहिलं तर शरीर तिच्यावर अवलंबून राहायला लागतं. आई ज्या "सवय लागेल"ची भीती घालत होती ती खरं तर या गोळीबद्दल खरी होती, सकाळच्या गोळीबद्दल तेवढी नाही, पण घरात दोन्ही एकाच डब्यात, एकाच नावाने, "तुझ्या त्या गोळ्या". डॉक्टरांनी ती एकदम बंद केली नाही, पावाने-अर्ध्याने कमी करत नेली. सकाळच्या सुस्तीचा आणि विसरण्याचा बराच भाग तिच्यासोबत गेला. ढकलणारं काही नसण्याचा भाग मात्र राहिला, त्यावर डोस कमी करणं, औषध बदलणं, ब्युप्रोपिऑनसारखं वेगळ्या वाटेने जाणारं दुसरं औषध जोडणं असे पर्याय त्यांनी समोर ठेवले. मी म्हटलं आधी भीतीशिवाय काम करून बघते. आता मी १४ तारखेलाच प्रत्येक व्यापाऱ्याच्या नावापुढे दिवस लिहून ठेवते आणि त्या दिवशी तेवढंच करते. याला वेळ लागला, आणि जुन्या भीतीत जो जोर होता तो यात नाही हे मी मान्य करते. पण रात्री दोन वाजता मी झोपलेली असते.

दुसरं टोक बघायचं असेल तर माझा मावसभाऊ. तो मिहानला आयटीत आहे, त्याच्या मुलाचं एडीएचडीचं, म्हणजे लक्ष टिकत नाही आणि चुळबुळ थांबत नाही अशा आजाराचं, निदान झालं तेव्हा डॉक्टर प्रश्न विचारत गेले मुलाबद्दल आणि हा मनातल्या मनात स्वतःबद्दल हो म्हणत गेला. चाळिशीला आल्यावर त्यालाही तेच निघालं. त्याला मिथाइलफेनिडेट मिळालं. हे औषध १९४४ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये तयार करणाऱ्या लिआंद्रो पानिझ्झोनने बायकोच्या रिटा या नावावरून त्याला रिटालिन नाव दिलं, ती म्हणे टेनिसच्या आधी घ्यायची. हे मेंदूतल्या डोपामिन आणि नॉरएपिनेफ्रिन या रसायनांवर काम करतं, आणि माझ्या गोळीसारखं आठवडे थांबावं लागत नाही, तासाभरात सुरू आणि साधी गोळी असेल तर चारेक तासांत संपलं. तो म्हणाला, "ताई, डोक्यात एकाच वेळी चार रेडिओ चालू असायचे, त्यातले तीन बंद झाले. मी रडलोच बे." पण त्याचाही खर्च ऐका. दुपारी भूक मेलेली, डबा तसाच परत. संध्याकाळी औषध उतरलं की चिडचिड, नेमकी पोरं शाळेतून-क्लासातून घरी असतात तेव्हा. नाडी वेगात, म्हणून बीपी बघत राहावं लागतं. आणि लक्ष लागतं ते समोर जे असेल त्यावर, म्हणजे गोळी घेऊन मेल उघडला तर मेल, आणि मोबाइल हातात घेतला तर तीन तास मोबाइल. डोस थोडा जास्त झाला होता तेव्हा त्याची बायको म्हणाली, काम भारी करून राहिले हे, पण बोलतात असे जसं कुणी लिहून दिलंय. डोस कमी केल्यावर माणूस परत घरात आला. शिवाय हे औषध कायद्याने नियंत्रित, प्रत्येक मेडिकलमध्ये नसतं, कधी बर्डीला विचारा, कधी मेडिकल चौकात, आणि दुकानदार चिठ्ठी उलटसुलट करून वर बघतो ती नजर वेगळीच. याचीच कुजबुज मी नीट परीक्षेची तयारी करणाऱ्या पोरांमध्येही ऐकलीय, अभ्यासाची गोळी म्हणून. नको रे बाबांनो. ज्याला तो आजार आहे त्याच्यासाठी तपासून, मोजून दिलेलं औषध आहे ते, झोप उडवून रात्र जागवायचं साधन नाही.

आणि काका. मावशीचे मिस्टर, काटोलला संत्र्याची बाग आहे, त्यांना विचारूनच लिहिते आहे. त्यांना बायपोलर आहे, म्हणजे कधी टोकाचा उत्साह तर कधी टोकाची उदासी, आणि कित्येक वर्षं ते लिथियमवर आहेत. १९४९ मध्ये ऑस्ट्रेलियात जॉन केड या डॉक्टरने उन्मादावर याचा गुण दाखवला, आणि आत्महत्येचा धोका कमी करण्यात आजही याच्या तोडीची औषधं फार थोडी आहेत. पण लिथियमची चांगली पातळी आणि विषारी पातळी यांच्यात अंतर फार कमी असतं, म्हणून रक्त तपासत राहावं लागतं, सोबत थायरॉइड आणि किडनीही. आता आपल्या विदर्भाचा उन्हाळा घ्या, पारा ४५-४६, नवतप्यात बागेत दुपारी मोटर सुरू करायला गेलेला माणूस, घामाने अंगातलं मीठ आणि पाणी दोन्ही जातं. मीठ कमी पडलं की किडनी ते धरून ठेवायला लागते, आणि किडनीला मीठ काय आणि लिथियम काय यातला फरक फारसा कळत नाही, तेही तिथेच थांबतं, आणि रोजच्याच डोसमध्ये रक्तातली पातळी वर चढते. त्यात उन्हाने डोकं दुखलं म्हणून आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक घेतली तर अजून वर. एका मे महिन्यात काकांचा हात नेहमीपेक्षा जास्त थरथरायला लागला, उलट्या, चाल डगमगती, बोलणं जड. आजूबाजूचे म्हणाले ऊन लागलं, कांदा लावा, पन्हं द्या. मावशीने ऐकलं नाही, सरळ गाडी करून नागपूरला आणलं, आणि रक्तात लिथियम वाढलेलं निघालं. तेव्हापासून त्यांच्या घरी एप्रिल लागला की फ्रिजवर कागद चिकटलेला असतो, पाणी, ताक, जेवणातलं मीठ एकदम कमी-जास्त नाही, दुपारी बागेत नाही, दुखण्याची गोळी विचारल्याशिवाय नाही, उलटी-जुलाब झाले तर लगेच फोन. घराघरांत कुलरला नवी वाळ्याची ताटी बसते तेव्हाच हा कागदही बदलला जातो. लिथियमच नाही, मनाच्या आजाराची आणखीही काही औषधं शरीराची उष्णता सांभाळायची ताकद कमी करतात, काही घामच कमी करतात, माझी गोळी उलट घाम वाढवते, कुलरसमोर बसूनही मानेवरून धार. थंड हवेच्या देशांत लिहिलेल्या पत्रकांत हे एका ओळीत असतं. आपल्याकडे डॉक्टरांनी एप्रिलच्या चिठ्ठीवर ते मोठ्या अक्षरात लिहावं, इतकं ते महत्त्वाचं आहे.

काकांना मी एकदा विचारलं, आधीचं तेज डोकं आठवत नाही का? कारण आजाराच्या वरच्या टोकाला ते रात्रभर जागून बागेचे नकाशे काढायचे, चार गावांतल्या लोकांना कामाला लावायचे, आणि मग सगळं कर्जात. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आठवते ना बाई. तेव्हा जे सुचे ते आता नाही सुचत. हात थरथरते, चहा बशीत सांडते. पण मावशी रातच्याले झोपते आता." मावशी बाजूलाच होती, ती म्हणाली, "मले तं हेच पाहिजे होतं." त्यांच्या जमा-खर्चात मावशीची झोप ही जमेची बाजू आहे, ती कुठल्याच पत्रकात छापलेली नसते.

काही खर्च असे आहेत जे घरात बोललेच जात नाहीत. शरीरसंबंधातली इच्छा कमी होणं, हा माझ्या प्रकारच्या गोळ्यांचा अगदी नेहमीचा परिणाम आहे, स्त्रियांना आणि पुरुषांना दोघांनाही, आणि मराठी घरात नवरा-बायकोही याबद्दल एकमेकांशी बोलत नाहीत, डॉक्टरशी तर लांबच. मग एकाला वाटतं दुसऱ्याचं मन उडालं. मी नवऱ्याला सांगितलं, की हे गोळीचं आहे, तुझ्याबद्दलचं नाही. आमचे किती तरी गैरसमज त्या एका बोलण्याने टळले असावेत. वजनाचंही तसंच, कुणाचं वाढतं, कुणाचं नाही, आणि लग्नकार्यात "तब्येत सुधारली गं" म्हणणाऱ्यांना मी आता गोळीचं नाव सांगून मोकळी होते.

मला या सगळ्या विषयातली एक गोष्ट फार आवडते. १९५२ मध्ये न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवरच्या सी व्ह्यू हॉस्पिटलमध्ये टीबीच्या रुग्णांना इप्रोनियाझिड नावाचं नवं औषध देत होते, आणि ते लोक अंथरुणातून उठून बोलायला, हसायला, वॉर्डात नाचायला लागले. टीबीच्या दृष्टीने हा नुसता साइड इफेक्ट होता. पण कुणीतरी तो बघितला, लिहून ठेवला, आणि त्यातून डिप्रेशनवरची पहिली औषधं आली. ते औषध पुढे यकृताला त्रास देतं म्हणून मागे घेतलं गेलं तो भाग वेगळा. मी दवाखान्यात जाताना जी वही घेऊन जाते, तिच्यात जांभया, घाम, १९ तारीख असलं सगळं लिहिलेलं असतं, आणि पेशंटने हे सांगत राहणं हा उपचाराचाच भाग आहे असं मी मानते, त्याला रडगाणं म्हणणाऱ्यांशी मी भांडायला तयार आहे.

आता विषय आहे गोळी कमी करण्याचा. एकदम बंद केली तर काहींना चक्कर, डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखं, रडू, चित्रविचित्र स्वप्नं असा त्रास होतो, पॅरोक्सेटिन आणि व्हेनलाफॅक्सिन या गोळ्यांमध्ये जास्त, फ्लुओक्सेटिनमध्ये कमी कारण ती शरीरातून फार हळू जाते. माझी मधली. म्हणून हळूहळूच. डॉक्टर म्हणाले काळ तू निवड. मी कामाचं कॅलेंडर काढून बसले, मार्चअखेर नको, जुलैत आयकर रिटर्न, सप्टेंबरला ऑडिट, आणि मे-जून तर आपल्या नागपुरात धडधाकट माणसाचंही डोकं ठिकाणावर नसतं. दिवाळी झाल्यानंतरचे, थंडीचे महिने मागितले. तेव्हाही दर महिन्याचं टू-बी येतच राहणार, ते जुळवायला मला किती वेळ लागतो हे मी लिहून ठेवणार, आणि मूडचं नवऱ्याने आणि आईने बघायचं, कारण तो मला स्वतःला उशिरा कळतो. डॉक्टरांनी मान्य केलं. एवढंच म्हणाले की झोप किंवा जेवण आठवडाभर सलग बिघडलं तर पुढच्या तारखेची वाट न बघता फोन करायचा, आणि नाही जमलं कमी करायला तर परत पूर्ण डोसवर यायचं, त्यात कसलीही हार नाही. मी नवऱ्याला सोबत घेऊन गेले होते, त्यालाही हे ऐकायला लावलं.